धोंड्याच्या महिन्यातलं अपडेट

माझ्या लग्नाच्या बोलणीत माझे वडील एक वाक्य जास्तीचं बोलून बसले, त्याची शिक्षा मी अजून भोगतो आहे. ‘पोरानं कॉम्प्युटरचाही कोर्स केला आहे,’ असं ते म्हणाले. कोर्स म्हणजे काय, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याच्या एका क्लासमध्ये मी दुपारी जाऊन बसत होतो, आणि तेही तिथे एसी होता म्हणून. पुढे मी भूगोलाचा मास्तर झालो. पण अमरावतीच्या सासुरवाडीत माझा भूगोल कोणी लक्षात ठेवला नाही. तिथे मी ‘कॉम्प्युटरवाले जावई’. टीव्हीचा रिमोट चालत नाही, मला फोन. गॅसचा नंबर लागत नाही, मला फोन. एकदा तर शेजारणीच्या वॉशिंग मशीनचं झाकण उघडत नव्हतं तेव्हाही मलाच फोन आला, कारण म्हणे आजकाल त्याच्यातही कॉम्प्युटरच असतो.

यंदा धोंड्याचा महिना नेमका भर उन्हाळ्यात आला. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला बोलावून पाटावर बसवतात, देव समजून ओवाळतात, आणि कुठल्याही देवाला झेपणार नाही एवढं खाऊ घालतात. पावसाळ्यात हे सगळं ठीक आहे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, डांबर वितळत असताना, तुपात बुडवलेली पुरणपोळी म्हणजे सत्कार की सूड, हे मला आजवर कळलेलं नाही.

शनिवारी दुपारी आम्ही नवरा-बायको अकोल्याहून बडनेऱ्याला उतरलो, ऑटो केला आणि तोंडाला दुपट्टे बांधून सासुरवाडीच्या दारात उभे राहिलो. पायांवर पाणी झालं, गूळ झाला, पन्हं झालं. पण सासूबाईंचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘काही नाई, जावईबापू. तुमी कूलरपुढे बसा आधी.’’

बायकोनं मात्र बरोबर ओळखलं. ‘‘आई, मावशीशी बोलणं झालं का?’’

एवढं पुरे झालं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

ही मावशी म्हणजे सासूबाईंची मोठी बहीण, तेल्हाऱ्याला राहते. या दोघी बहिणींची गंमत अशी की एकीला ऐकू येत नाही आणि दुसरीला दिसत नाही. मावशीचे कान पार गेले आहेत. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं ओळखते. सासूबाईंच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आहे. एक डोळा गेल्यातच जमा, आणि दुसऱ्याचंही काही खरं नाही असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. त्यामुळे फोन मावशीच्या कामाचा नाही आणि मोबाइलचा एवढासा पडदा सासूबाईंच्या कामाचा नाही. मग माझ्या मेव्हण्यानं, जो पुण्याला असतो, आपला जुना कॉम्प्युटर आणि भला मोठा मॉनिटर आईला देऊन टाकला, वर कॅमेरा बसवून दिला. रोज दुपारी तेल्हाऱ्याहून मावशीची सून व्हिडिओ कॉल लावायची. इकडे सासूबाई हिरव्या बटणावर टिचकी मारायच्या. मग दोघी बहिणी आपापल्या घरी विळी घेऊन समोरासमोर बसत. भाजी चिरत, तांदूळ निवडत, आणि जगातल्या सगळ्या सुनांची उणीदुणी काढत. त्यातली एक सून कॅमेऱ्यामागेच बसलेली असे, पण त्याचं मावशीला काही नव्हतं.

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर, ‘‘दोघी मिळून एक माणूस पुरा होते.’’ मामाजी एवढं लांब वाक्य वर्षातून एखादंच बोलतात. नांदगाव खंडेश्वरकडचे पक्के शेतकरी. शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलं आणि अमरावतीला घर बांधून राहिले. जावयाशी बोलणं तर अजूनच कमी. मान राखायचा म्हणजे तोंड बंद ठेवायचं, हा त्यांचा नियम. दिवसभर हात मागे बांधून ते घरातून फिरत असतात. टाकी भरली का, नळ गळतो का, फ्रिज तापला का. पालथा हात लावून पाहतात, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

तर हा कॉम्प्युटर बिघडला होता. अपडेट आलं, अर्ध्यावर फसलं, आणि त्यानंतर जेव्हा पाहावं तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरे टिपके गोल फिरत होते. कॉल बंद पडला. सासूबाईंनी कोणाच्या तरी फोनवरून बहिणीला साधा फोन लावला. मावशीला काही ऐकू येईना, म्हणून सासूबाई ओरडल्या. इतक्या ओरडल्या की गल्लीतले लोक बाहेर आले. शेवटी पलीकडून मावशीनं फोन सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘तिले म्हणा, फोन नोको करू आता.’ सुनेला काही सांगायच्या आतच फोन कट झाला, आणि त्यानंतर तेल्हाऱ्याला कोणी फोन उचलेना.

‘‘माह्या बाईनं मले तोडलं,’’ सासूबाई म्हणाल्या. मोठ्या बहिणीला त्या ‘बाई’ म्हणतात. ‘‘दर वर्षी पुरण शिजलं की तिले दाखवतो मी. पुरणात झारा उभा ठेवायचा, पडला नाई तं ती मान हलवते, मंगच मी वाटतो. आता उद्या तुमचं धोंड्याचं पुरण मी कोणाले दाखवू? जावईबापू, तुमी अकोल्याले जायच्या आत हे सुधरून द्या. दुसरं काही मागत नाई मी.’’

आता सांगा, काय बोलणार? मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मनात म्हटलं, भूगोलाच्या देवा, लाज राख.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे सगळेच करतात ती. बंद केला, चालू केला. टिपके फिरले, एक पाटी आली: दुरुस्ती चालू आहे. मग चार पर्याय आले. त्यातला ‘नवीन अपडेट काढून टाका’ हा मला सगळ्यात निरुपद्रवी वाटला. तो दाबला. टक्के मोजणं सुरू झालं. ‘कॉम्प्युटर बंद करू नका,’ अशी पाटी होती. मी तसाच बसणार होतो. पण धोंड्याला आलेल्या जावयाला कोणी बसू देत नाही.

‘‘चला, ताट वाढलं,’’ बायको म्हणाली.

‘‘मी आताच तर खाल्लं.’’

‘‘तो नाश्ता होता.’’

जेवण झालं, डोळे मिटले, कूलरच्या गार हवेत मी घोरत पडलो. उठून पाहतो तर तीच काळी पाटी, तेच टिपके: सुरू करता आलं नाही, दुरुस्ती चालू आहे. कॉम्प्युटर तर चालूच होता! मग हा मधेच फसला कसा?

माझं डोकं सटकलं. अकोल्यात माझा एक जुना दोस्त आहे, त्याचं रिपेरिंगचं दुकान आहे. त्याला फोन लावला. तो वऱ्हाडी आणि उर्दू एकाच वाक्यात बोलतो, आणि प्रत्येक रोगावर त्याच्याकडे एकच औषध आहे. ‘‘अबे, रॅम काढ. खोडरबरनं घास. फुंक मार, वापस लाव. नाही चला तो मेरे कू बोल.’’

मी रॅम काढली. बायकोनं शेजारच्या पोरीच्या कंपासपेटीतून वास येणारं खोडरबर आणलं. मी घासली, फुंकर मारली, लावली. नाही चला. पण खोलीभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला.

‘‘पंखा साफ कर,’’ दोस्त म्हणाला. केला. आतून कूलरच्या गवताचा हा एवढा बोळा निघाला. सासूबाईंना वाटलं रोग सापडला; त्यांनी तो बोळा परातीत ठेवून सगळ्यांना दाखवला. पुन्हा ‘अपडेट काढून टाका’ दाबलं. पुन्हा टक्के. या वेळी मी हलणार नव्हतो. तेवढ्यात शेजारपाजारच्या बाया जावई पाहायला आल्या. मी काय नवा नवरदेव आहे? केस पिकले माझे! पण बाहेर बैठकीत जाऊन सगळ्यांच्या पाया पडावं लागलं, आणि प्रत्येकीच्या हातचा एकेक लाडू खावा लागला. परत आलो तर पुन्हा तीच काळी पाटी.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना तिथून पडदा दिसत नव्हता, माझा चेहराही दिसत नसेल. पण मी सुस्कारा टाकला तो त्यांनी ऐकला.

‘‘नसन होत तं राहू द्या,’’ त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला फार वाईट वाटलं. रागही आला. कॉम्प्युटरचा आला, वडिलांचा आला, एसीवाल्या क्लासचा आला.

मी बायकोला म्हटलं, ‘‘तुझ्या भावानं भंगार दिलं आईला.’’

‘‘भावाला बोलू नका. तुम्हाला येत नाही म्हणा.’’

‘‘मला येत नाहीच! मी मास्तर आहे! नद्यांचं काही विचार!’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरण शिजत होतं तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. सासूबाईंनी पुरणात झारा उभा केला होता. तो पडला नाही, ताठ उभा होता. पण त्यांनी गॅस बंद केला नाही. झाऱ्याकडे तोंड करून त्या नुसत्या उभ्या होत्या. शेवटी पुरण खाली लागल्याचा वास आला तेव्हा त्यांनी पातेलं उतरवलं.

मी बाहेर आलो आणि तिसऱ्यांदा ते बटण दाबलं. लगेच पाटावर बोलावणं आलं.

काय सांगू त्या जेवणाचं. ओवाळणं झालं, धोतरजोडी झाली, अनारशांचा डबा झाला. मग पुरणपोळ्या, तुपाची वाटी, कढी, वडे, आमरस, भजी आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते पुरण भरलेले धोंडे. ‘घ्या ना’ म्हणत सासूबाई अंदाजानं वाढत होत्या. त्यांना माझ्या ताटात काय उरलं ते दिसत नव्हतं, आणि मला ‘भरलं आहे’ म्हणायची सोय नव्हती, कारण त्यांचा हात तोवर रिकामा झालेला असे. घरातला एकुलता एक कूलर माझ्या पाठीशी लावलेला होता. बाकीचे घामानं निथळत होते. शेवटी मी भिंतीला धरून उठलो आणि मधल्या खोलीतल्या गादीवर जाऊन आडवा झालो; कूलरही मागोमाग माझ्या उशाशी आला. पोट असं गच्च की कुशीवर वळता येईना.

तिथून उघड्या दारातून समोर कॉम्प्युटर दिसत होता. टक्के बरेच पुढे गेले होते. आत पंखा घुंई घुंई करून ओरडत होता. मी डोळे किलकिले करून पाहत होतो.

हात मागे बांधून मामाजी आले. थांबले. कान देऊन ऐकलं. मग वाकले आणि पालथा हात कॉम्प्युटरच्या डब्याला लावला. ‘च्च’ असा आवाज केला. आणि अगदी शांतपणे, मायेनं, त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

मी उठायला गेलो तर उठता येईना. हात वर केला, तो खाली पडला.

‘‘मामाजी!’’

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यावर मी आवाज चढवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. स्वयंपाकघरात भांडं पडलं. बायको धावत आली. मामाजी बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

‘‘काय करून राहिले तुमी?’’ मीही वऱ्हाडीवर आलो होतो.

‘‘काही नाई,’’ मामाजी म्हणाले. ‘‘मशीन लय तापली. बंद करून ठेवतो थोडी. थंडी झाली का चालू करून देतो.’’

‘‘काल बी केली होती का?’’

‘‘करतो ना रोज. कालबी दोनदा केली. तुमी झोपले होते, मंग बायांत बसले होते. तुमची झोपमोड कशाले करा?’’ मग जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘‘जावईबापू, मोटर तापली अन् तशीच चालू ठेवली तं जळते. उभ्या हयातीत माही मोटर कधी जळली नाई. कास्तकारानं आवाजावरून ओळखलं पायजे.’’

मग बायको भिंतीला टेकून हसायला लागली. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मला हसता येत नव्हतं, पोट दुखत होतं. आणि खरं सांगतो, मला संतापही येत होता. माझी रॅम, माझं खोडरबर, माझे लाडू!

पण सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ‘‘तुमी?’’ एवढंच त्या म्हणाल्या. ‘‘तुमी बंद करत होते? अन् माही बाई...’’

मामाजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना शिकवायचं कसं? मी कसाबसा कोपरावर उठलो आणि म्हटलं, ‘‘मामाजी, ही मोटर पाणी ओढून राहिली आहे. पाइप लांब आहे. अर्ध्यात बंद केली तर पाइपातलं सगळं पाणी उलटं विहिरीत जाते. मग पहिल्यापासून ओढावं लागते. काही केलं तरी टाकी भरेपर्यंत बंद करायची नाही.’’

मामाजींनी डब्याकडे पाहिलं. बटणावरचा हात काढला. ‘‘मंग हे पहिलेच सांगाव ना,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘भरत आलेली टाकी मी रोज सांडून राहिलो.’’

मग ते आत आले, माझ्या उशाशी लावलेला कूलर दोन्ही हातांनी ओढत समोरच्या खोलीत नेला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. मी काहिलीत पडून राहिलो. धोंड्याचा देव बदलला होता. मामाजी स्टूल घेऊन कॉम्प्युटरशेजारी बसले. दारातून कोणी आत येऊ लागलं की हात वर करत. पंखा फारच ओरडायला लागला तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला, तसा त्यांनी तो डाव्या हातानं धरला आणि गुडघ्यांमध्ये दाबून ठेवला. मधे कूलर आल्यामुळे टक्के मला आता दिसत नव्हते. मामाजी मोठ्यानं सांगत होते, रेडिओवर बाजारभाव सांगावेत तसे. शंभर झाले. पडदा काळा झाला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थांबा. टिपके फिरले, फिरले, आणि मेव्हण्यानं लावलेला हिरव्या डोंगराचा फोटो समोर आला.

‘‘भरली,’’ मामाजी म्हणाले.

सासूबाईंनी टाळी वाजवली नाही की काही नाही. त्यांनी मुकाट्यानं पदर डोक्यावर घेतला, केसांवरून हात फिरवला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसल्या. ‘‘पण उचलन का ती?’’ त्यांनी विचारलं.

बायकोनं मावशीच्या सुनेला निरोप टाकला. पलीकडून बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: मावशी येत नाही म्हणते, देवघरात बसली आहे. बायकोनं पुन्हा लिहिलं, नुसतं एकदा आण, हात धरून आण. सासूबाई हलल्या नाहीत. मी गादीवरून उठून दारापर्यंत आलो. पोटाचं भान राहिलं नव्हतं.

मग कॉल आला. सासूबाईंची माउसवरची टिचकी चुकली, पुन्हा चुकली, तिसऱ्यांदा हिरवं बटण बरोबर लागलं.

मावशी पडद्यावर होती. तिनं तोंड बाजूला वळवलेलं होतं. सून तिचा खांदा धरून तिला पुढे करत होती.

‘‘बाई,’’ सासूबाई म्हणाल्या. ओठ मोठे मोठे करून, सावकाश, रोज बोलत तसं. ‘‘बाई, पाहा तं इकडे. काहून रागावली? मशीन बंद होती. आमच्या घरच्यांनी बंद केली होती.’’

मामाजी स्टुलावरून उठून कॅमेऱ्यासमोर वाकले. ओठ तसेच मोठे करून म्हणाले, ‘‘मी. मी केली. मोटर समजून.’’ आणि छातीवर बोट ठेवलं.

मावशीनं मामाजींकडे लक्षच दिलं नाही. ती सासूबाईंकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग दिसतच नव्हता. ती एकदम पुढे सरकली. तिच्या तोंडानं सगळा पडदा भरला.

‘‘खरं सांग,’’ ती म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, फार मोठ्यानं. ‘‘तुहा दुसरा डोळाबी गेला ना? म्हणून बंद केलं ना पाहणं? अन् मले फोनवर सांगून राहिली होती ना तू ते? मले नव्हतं ऐकायचं.’’

सासूबाई ‘नाई, नाई’ करत मान हलवत होत्या, पण मावशीचा विश्वास बसत नव्हता. तिनं हात वर केला, कॅमेऱ्यापुढे बोटं धरली. ‘‘हे किती? सांग. कोणी सांगू नोका तिले.’’

सासूबाईंचं नाक पडद्याला लागायचं बाकी होतं. मग त्या थोड्या मागे सरल्या, मान तिरपी केली आणि डोळ्याच्या कडेनं, जिथून त्यांना दिसतं तिथून, पाहिलं.

‘‘तीन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अन् करंगळीले चिंधी काहून बांधली? विळीवर कापलं ना? ध्यान कुठं होतं तुहं?’’

मावशीनं बोटं खाली घेतली नाहीत. ती मागे वळली आणि सुनेला, अख्ख्या तेल्हाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, ‘‘दिसते तिले! अवं, दिसते तिले!’’